विहिरीतली माती कुणाची

आमच्या खानदेशात कपाशीचं शेत कसं आहे हे रस्त्यावरून ठरतं. जमिनीत ओल किती, माती किती खोल, मुरूम कुठे लागतो, हे विचारणारा पाहुणा मला तरी भेटला नाही. एस.टी.च्या खिडकीतून बघितलं आणि कपाशीच्या ओळी या टोकापासून त्या टोकापर्यंत आरपार दिसल्या, की शेत चांगलं, शेतकरी चांगला, घराणं चांगलं, मुलगी द्यायला हरकत नाही. दोन ओळींमधल्या त्या मोकळ्या पट्ट्याला तास म्हणतात. तास वाकडं पडणं ही मी राहिले त्या गावात दारू पिण्यापेक्षा मोठी बेअब्रू होती. दारू पिणाऱ्याला लोक हाताला धरून घरी पोचवायचे. वाकडं तास पाडणाऱ्याच्या नातवालाही ते ऐकावं लागायचं.

कपाशी आमच्याकडे चौफुलीवर लावतात, म्हणजे उभ्या आणि आडव्या रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे बी टोबायचं. त्यामुळे तण काढायला बैल आणि कोळपं दोन्ही दिशांनी फिरवता येतं. एकदा उभं, एकदा आडवं. इथपर्यंत शहाणपण आहे. शेवटच्या खेपेला ते संपतं. पोळ्याच्या आधी शेवटची कोळपणी होते. त्यानंतर कपाशी मांडीला लागते, बैल आत शिरत नाहीत, आणि ज्या दिशेनं शेवटचं कोळपं फिरलं त्या दिशेचं तास हंगामभर तसंच उघडं राहतं. ही शेवटची कोळपणी रस्त्याकडे तोंड करूनच करायची, असा रिवाज. का, तर पोळ्याला पाहुणे येतात, पोळ्यानंतर सोयरिकींची बोलणी सुरू होतात, आणि येणारा-जाणारा बघतो. रस्ता उताराच्या पायथ्याशी. म्हणजे रस्त्याकडे तोंड केलेलं प्रत्येक तास वरून खाली उतरणारं पन्हाळ. भादव्यातला पाऊस, जो दिवाळीपर्यंत बोंडं पोसायला जमिनीत मुरायला हवा, तो या पन्हाळांतून माती घेऊन पळत सुटतो.

आणि हीच माणसं हातभर बांधासाठी तालुक्याच्या कोर्टात वर्षानुवर्षं चपला झिजवतात. बांधाची माती शेजाऱ्यानं कोरली तर कुऱ्हाड काढतात. तीच पावसानं नेली तर टपरीवर चहा पीत म्हणतात, यंदा नाल्याला पूर चांगला होता.

हे सगळं मी पत्रकात लिहिलं होतं. लिहिलं की झालं, असं वाटण्याचं माझं वय होतं. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. जळगावात मेहरूणला एका खोलीत आमची संघटना होती: सहा जण, एक सायक्लोस्टाइल मशीन आणि शाईच्या बोटांनी काळी झालेली एक भिंत. कॉलेज अर्ध्यावर सोडून मी त्या खोलीत दोन वर्षं पत्रकं लिहायला शिकले. पहिल्या ओळीत कुणाला तरी झोडायचं, मधे उपाय सांगायचा, शेवटी जागे व्हा म्हणायचं. झोडण्याचा भाग मला विशेष जमायचा, आणि सगळे तसं म्हणायचे.

उपाय तर हास्यास्पद वाटेल इतका लहान होता. शेवटची कोळपणी उताराला आडवी करायची, आणि कोळप्याच्या पातीवरच्या दोन्ही दांड्यांना दोरी गुंडाळायची. दोरीमुळे माती दोन्ही बाजूंच्या रोपांना लागते, मधे सरी उघडते, आणि पाणी त्या सरीत अडून मुरतं. वावभर दोरी आणि बैलांची तोंडं फिरवायची, बस. एवढं सांगायला मला भडगावपासून तीन थांब्यांवरच्या त्या गावात पाठवलं होतं.

माझ्याआधी शेती खात्याच्या माणसानं गावात याच गोष्टीचं प्रात्यक्षिक घेतलं होतं. शाळेमागच्या सपाट तुकड्यात. जीप तिथपर्यंत जायची म्हणून. सपाट जमिनीत उताराला आडवं म्हणजे कुठल्या दिशेनं, हे कुणी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. नारळ फुटला, फोटो निघाला, बैलांच्या तोंडची मुसकी काढली, सगळे घरी गेले. मी आले तेव्हा लोक मला म्हणाले, ते दोरीचं ना, ते झालं आमच्याकडे.

मी राहायला होते बौद्धवाड्यात, अक्कांकडे. अक्का पन्नाशीच्या पुढच्या, वाळलेल्या अंगाच्या आणि बोलण्यात कंजूष. नवरा वारला होता. मुलगा दीपनगरला वीजकेंद्रात कामाला होता आणि तिथेच कॉलनीत राहायचा. अक्कांचं दोन एकराचं वावर रस्त्याच्या खालच्या अंगाला. रस्त्याच्या वरच्या अंगाला, थेट त्यांच्यासमोर, आबांची पंधरा एकर उताराची जमीन. आबा म्हणजे गावातल्या सगळ्यात सरळ तासांचे मालक. दोघांच्या मधे रस्ता आणि रस्त्याखालून काढलेली मोरी. आबांच्या शेतातलं सगळं पाणी त्या मोरीत गोळा होऊन अक्कांच्या वावरात उतरायचं, आणि मोरीच्या तोंडापासून पंचवीस पावलांवर अक्कांची विहीर होती.

विहीर अक्कांनी आणि त्यांच्या नवऱ्यानं तीन उन्हाळे खपून खणलेली. तो खाली, ही वर टोपली ओढायला. आतल्या बाजूला उतरायला म्हणून त्यानं पंधरा दगड पायऱ्यांसारखे बाहेर काढून बसवले होते. मी गेले त्या उन्हाळ्यात विहीर कोरडी होत आली तेव्हा नऊ दिसत होते. खालचे सहा गाळात. मोरीच्या तोंडाशी अक्का दरवर्षी दगड रचायच्या आणि दरवर्षी भादव्यात ते वाहून जायचे. त्यांची मिरची, त्यांचे गव्हाचे दोन वाफे, सगळं त्या नऊ दगडांवर चाललेलं. मुलगा प्रत्येक फेरीत तेच म्हणायचा, विहीर बुजत चालली आहे, वावर टाक आणि चल माझ्याकडे. वाईट नव्हता तो. आईनं म्हातारपणी टोपली उचलू नये असं त्याला वाटे.

अक्कांना जायचं नव्हतं. एकदा भाकरी थापता थापता त्यांनी मला सरळ सांगितलं की अजून एक वर्ष असं गेलं तर होळीनंतर विहिरीत पाणी राहणार नाही, आणि मग मुलाला नाही म्हणायला त्यांच्याकडे काही उरणार नाही.

"तठे दोन खोल्या शेतस," त्या म्हणाल्या. "वर पंखा शे. खाले काय शे?"

तेव्हा गोष्ट अगदी स्पष्ट होती. आबांनी शेवटची कोळपणी आडवी केली तर विहीर राहणार, उभी केली तर अक्का दीपनगरला. मी पत्रक घेऊन आबांना गाठलं ते टपरीवर, दहा जणांच्या देखत, कारण संघटनेत आम्हाला तसंच शिकवलं होतं. आबांनी चष्मा लावून, ओळीखाली बोट फिरवत सगळं पत्रक वाचलं. मग घडी करून खिशात ठेवलं आणि वडिलांच्या तासांबद्दल बोलायला लागले. म्हणे त्यांच्या वडिलांच्या तासात या टोकाला दिवा लावला तर त्या टोकाला उजेड दिसायचा. मी म्हटलं, आबा, दिवा दिसायचा कारण मधे माती उरली नव्हती. त्यावर टपरीतले दोन जण हसले. आबा हसले नाहीत. माझ्याकडे खालून वर बघत म्हणाले,

"तुले देखाले कोनी येत नही, म्हनीसन तू आमनं वावर देखत फिरस."

आता सगळी टपरी हसली. चहावाल्यानं गाळणी बाजूला ठेवून हसून घेतलं. मला राग आला, आणि रागात मला शब्द चांगले सुचतात, हे माझं दुर्दैव. मी म्हटलं, तुमचं तास बघायला लोक रस्त्यावर थांबतात, पण तुमची माती बघायची असेल तर अक्कांच्या विहिरीत वाकावं लागतं. चहावाल्यानं पुन्हा गाळणी उचलली. मी चहा न पिता उठले आणि घरापर्यंत स्वतःवर खूश होते.

अक्कांना हे माझ्या आधी कळलं होतं. दोन दिवसांनी आबांकडे त्या स्वतः गेल्या. आबा ओट्यावर, अक्का अंगणात उभ्या. त्या घरात अक्कांना कुणी ओट्यावर बोलवत नसे आणि त्याही दिवशी बोलवलं नाही, हेही मी बघितलं. मी फाटकाशी होते आणि मला तोंड उघडायची बंदी होती. अक्कांनी विहिरीचं नाव काढलं नाही. पाऊसपाणी, बैलाचा खूर, आबांच्या धाकट्या मुलाच्या सोयरिकीचं कुठवर आलं, असं सगळं झालं. धाकट्याला बघायला पोळ्याच्या आदल्या आठवड्यात पाहुणे येणार होते. मग त्या म्हणाल्या की कपाशी एवढी वाढली आहे की रस्त्यावर उभं राहिलं तर चाळीस पावलांपुढचं काही दिसत नाही. त्यांनी चालून बघितलं होतं.

"तेवढी चाळीस पावलं उभी करा, आबा. तेना वरलं कोन देखाले जास?"

आबांनी अडकित्त्यानं सुपारी कातरली. बराच वेळ कातरली. मग "देखू" म्हणाले. आबांचं देखू म्हणजे हो, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. दुसऱ्याच दिवशी त्यांचा सालदार, वर्षाच्या बोलीवरचा गडी, अक्कांकडे येऊन दोरी नेमकी कुठे गुंडाळायची ते विचारून गेला.

आता इथे कुणीही शहाणा माणूस गप्प बसला असता. मला मात्र ही चाळीस पावलं सहन होईनात. पंधरा एकरातली माती वाचवायची आणि पुढे रस्त्यालगत खोट्या अब्रूची झालर लावून ठेवायची, ही मला तडजोड वाटली. मेहरूणच्या खोलीत त्या शब्दाला शिवीचा दर्जा होता. माझं म्हणणं, आबांनी सगळ्या गावासमोर, रस्त्यापर्यंत, शेवटच्या ओळीपर्यंत आडवं केलं पाहिजे, आणि का केलं ते सांगितलं पाहिजे. विहीर कुणाची आणि ती बुजली तर कुणाला जावं लागेल, हा विचार माझ्या त्या म्हणण्यात कुठेच नव्हता. हे मी आज लिहिते. तेव्हा मी जळगावला जाऊन स्टेन्सिल कापलं.

मथळा होता: रस्त्यावर अब्रू, नाल्यात माती. आत मोरीजवळच्या मोठ्या शेतमालकांचा उल्लेख होता. नाव दिलं नव्हतं. मोरी एकच होती. शेवटी एक ओळ होती, जी मी वाचून दाखवली तेव्हा आमच्या खोलीत टाळ्या पडल्या: सोयऱ्यांनो, मुलाकडची तासं बघू नका, मुलाकडच्या मातीनं बुजलेली विहीर बघा. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकानंही आयुष्यात कोळपं धरलं नव्हतं. मीही नाही. खळ लावून मी ती पत्रकं एस.टी.च्या थांब्यावर, टपरीवर आणि मोरीच्या कठड्यावर चिकटवली.

पाहुणे एस.टी.नंच आले. त्यांना न्यायला आलेली बैलगाडी थोडी उशिरा पोचली, आणि तेवढ्या वेळात थांब्यावर वाचायला दुसरं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी दोन जोड्या जुंपल्या. एका कोळप्यावर सालदार, दुसऱ्यावर स्वतः आबा, साठी उलटलेला माणूस, धोतर खोचून. वरून खाली, वरून खाली. दोरी कुठेच नव्हती. कडुनिंबाखाली माणसं जमली आणि बघत राहिली, जशी कुस्ती बघतात. अक्का आणि मी रस्त्यावर उभ्या होतो. दुपारी आबा आमच्यासमोरच्या तासाच्या टोकाला आले, बैल वळवले, आणि माझ्याकडे न बघता अक्कांना म्हणाले,

"अक्का, तुमनी ही पोरगी माले सोयरासना म्होरे उघडा पाडी गयी. आते बठ्ठं उभंच ऱ्हाई."

बठ्ठं म्हणजे सगळं, वरपासून रस्त्यापर्यंत. तास सरळ होतं. एवढ्या संतापातही सरळ होतं, हे सांगितलं पाहिजे.

संध्याकाळी अक्कांनी मला ते पत्रक वाचून दाखवायला सांगितलं. त्यांना वाचता येत नव्हतं. मी वाचलं, पहिल्या ओळीला आवाज आपोआप चढला, सवयीनं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"येन्हामा मनी हीर कोठे शे?" त्यांनी विचारलं.

मी बोट ठेवून दाखवलं, ही काय, विहीर बघा म्हटलंय.

"ती पाव्हनासले देखाले शे. मनाकरता कोठे शे?"

मी कागद उलटा करून बघितला. मागची बाजू कोरी होती.

पाऊस पोळ्यानंतर आठवड्यानं आला. दुपारचा, दोन तास, उभा. अक्का, मी आणि बौद्धवाड्यातल्या दोघी बायका मोरीच्या तोंडाशी मातीनं भरलेली पोती लावत होतो. आधी पिवळट पाणी आलं, मग तांबूस, मग काळं, दाट, आणि काळं यायला लागल्यावर अक्कांनी पोतं खाली ठेवलं. आबांच्या शेतात प्रत्येक तासातून एक एक धार उतरत होती, एकीशेजारी एक, सारख्या अंतरावर, आरपार. दिसायला फार व्यवस्थित. पोती गेली, दगड गेले, विहिरीभोवतीचा दगडी ओटा गेला. ते काळं पाणी विहिरीत पडताना आवाजही धड होत नव्हता, इतकं ते जड होतं.

संक्रांतीपर्यंत पाणी उतरलं तेव्हा चार दगड दिसत होते. चौथ्याच्या खाली गाळ.

मिरची गेली. गहू पेरलाच नाही. मुलगा दीपनगरहून आला, विहिरीच्या काठावर बसून बराच वेळ आत बघत राहिला, आणि आईला म्हणाला की आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, झाली की टेम्पो घेऊन येतो. तो गेल्यावर अक्कांनी टोपल्या काढल्या.

फाल्गुनात आम्ही विहिरीत उतरलो. अक्का, वाड्यातल्या पाच बायका आणि मी. मेहरूणला मी निरोप पाठवला होता. तिथून एक जण आला, काठावर उभा राहून त्यानं आमचे फोटो काढले, शोषण हा शब्द दोनदा वापरला, आणि चारच्या गाडीनं परत गेला. गाळ काढण्यात कार्यक्रम दिसत नाही, असं खोलीचं मत पडलं. पत्रक आपण लिहायचं आणि गाळ अक्कांनी काढायचा, हेच खरं तर आमचं काम होतं. फक्त मला ते विहिरीत उतरेपर्यंत दिसलं नव्हतं.

ती माती सुंदर होती. दुसरा शब्द मला सापडत नाही. काळी, लोण्यासारखी, मुठीत दाबली की बोटांचे ठसे धरणारी. तिच्यात पऱ्हाट्यांचे तुकडे निघाले, कुजलेली पानं निघाली, आणि एक दिवस बैलाचं एक मुसकं निघालं, दोरीचं, चांगलं विणलेलं. आबांच्या सालदाराच्या हातचं विणकाम सगळे ओळखायचे. अक्कांनी ते धुऊन विहिरीजवळच्या खोपीच्या कुडाला लटकावून ठेवलं. आखाजीला पंधरा दिवस उरले तेव्हा आम्ही नवव्या दगडापर्यंत पोचलो होतो, आणि काठावर गाळाचा ढीग पुरुषभर उंच झाला होता. बायकांचे हात फुटले होते. दोघींना आता दुसरीकडे मजुरीला जाणं भाग होतं. खालच्या सहा दगडांचं काय, हा प्रश्न कुणी तोंडानं काढत नव्हतं.

त्या सकाळी दोन गाड्या आल्या. सहा गडी, फावडी, घमेली, आणि पुढे आबा. आबा ढिगापाशी गेले, एक ढेकूळ उचललं, फोडलं, वास घेतला, आणि गड्यांना म्हणाले,

"ही माती आमना वावरनी शे. गाडी भरा."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. चुकीचं नव्हतं. आबा गंभीरपणे, अगदी कागदपत्रं मांडावीत तसं मला समजावून सांगत होते की वरच्या अंगाला त्यांच्या शेतात आता मुरूम उघडा पडला आहे, तिथे कपाशी वीतभरही होत नाही, उन्हाळ्यात तिथे गाळ टाकायला हवा, आणि हा गाळ तर दुसऱ्या कुणाचा नाहीच, त्यांचाच आहे, गावातल्या कुठल्याही जाणत्याला विचारा. ज्या मातीला त्यांनी स्वतः बैल जुंपून रस्ता करून दिला, तिचा वारसदार म्हणून हा माणूस घमेलं घेऊन उभा होता. इतकी निर्लज्ज गोष्ट मी त्याआधी बघितली नव्हती. मी तोंड सोडलं. तालुका, पंचनामा, पत्रक, सगळं बाहेर काढलं. गडी फावडं टेकून माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्यातला सालदार कुडावरच्या मुसक्याकडे.

अक्का आल्या आणि ढिगावर बसल्या. पदर नीट केला.

"माती तुमनीच शे, आबा. मी कोठे नही म्हनस."

आबा चपापले. त्यांनी भांडणाची तयारी केली होती.

"घर ली जा तिले," अक्का म्हणाल्या. "पन मंग घरमा ठेवा. दर साल पळी पळी मनाकडे कसाले येस ती?"

पळून माहेरी येणाऱ्या सुनेबद्दल बोलावं तसा तो सूर होता. एक गडी फिसकन हसला, मग दुसरा, मग वाड्यातल्या बायका. आबांच्या मिशीखालीही काहीतरी हललं. अक्का हसल्या नाहीत. वर आडवं करा, त्या म्हणाल्या, दोरी लावून, आणि रस्त्याकडची चाळीस पावलं तुमची तुम्हाला ठेवा, ठरलं होतं तसं. आबांनी मान हलवली आणि गड्यांना खूण केली.

अक्का ढिगावरून उठल्या नाहीत.

"आनि आबा, ही वरली झाई. हिरमा अजून सहा दगड बुडेल शेतस. जी खाले शे, ती बी तुमनीच शे. ती बी काढी ल्या."

तेव्हा मला कळलं की काय झालं. आबांनाही कळलं, माझ्या थोडं आधी. सगळ्यांसमोर, मोठ्या आवाजात, ती माती आपली म्हणून ते बसले होते. अर्धी माझी आणि अर्धी नाही असं आता म्हणता येत नव्हतं. विहिरीतला गाळ त्यांचा, तर विहिरीतून तो काढणंही त्यांचंच. ते काठापर्यंत गेले, आत वाकून बघितलं. टपरीवर मी त्यांना जे बोलले होते ते त्यांना त्या क्षणी आठवलं की नाही मला माहीत नाही. मला आठवलं, आणि ते वाक्य किती बिनकामाचं होतं हेही कळलं.

"देखू," आबा म्हणाले.

गड्यांनी सदरे काढून बाभळीवर टांगले.

पाच दिवस आबांच्या गाड्या चालल्या. पंधरावा दगड निघाला तेव्हा अक्का दोर धरून खाली उतरल्या आणि त्यावर थोडा वेळ बसून वर आल्या. आखाजीनंतर मुलगा खरंच टेम्पो घेऊन आला. विहिरीत बघितलं, दगड मोजले, परत मोजले. मग टेम्पोत कॉलनीतल्या कुंड्यांसाठी दोन पोती काळी माती टाकून रिकामाच परत गेला. आबांना विचारून, अर्थात. अक्कांनी त्याला आधी विचारायला पाठवलं होतं.

त्या वर्षी पोळ्याआधी आबांनी वर आडवं केलं, दोरी लावून, आणि खाली रस्त्यालगत चाळीस पावलं उभं, आरशासारखं. भादव्यात मी भडगावहून गाडीनं येत होते. पाऊस नुकताच थांबला होता. पुढच्या बाकावरचा एक फेटेवाला खिडकीतून बघून शेजाऱ्याला म्हणाला की वावर असावं तर असं, तास बघा कसं सुतात आहे. शेजारी म्हणाला, चांगल्या घराण्याचं दिसतंय. मी दात दाबून बसून राहिले. थांबा येईपर्यंत एक शब्द बोलले नाही. संघटनेत असताना मी उपोषण केलं आहे, घोषणा देऊन घसा बसवला आहे. इतकं अवघड काही केलं नव्हतं.

आबांबद्दल मला तेव्हा आदर वाटला नाही आणि आजही नाही. धाकट्याचं लग्न होऊन त्याला मुलं झाली, दाखवायला कुणी उरलं नाही, तरी ती चाळीस पावलं उभीच आहेत आणि त्यांच्यातली माती अजूनही मोरीतून उतरते. आता मोरीच्या तोंडाशी अक्कांनी एक खड्डा करून घेतला आहे, विहिरीच्या अलीकडे. माती तिथे थांबते. चैत्रात खड्डा भरला की अक्का सालदाराजवळ निरोप धाडतात की तुमची माती आली आहे, घेऊन जा. आणि आबा गाडी घेऊन येतात. स्वतः. हल्ली काठी टेकत येतात, खड्ड्याच्या काठावर उभे राहतात, आणि घमेल्यातून ढेकूळ सांडलं तर गड्याला उचलायला लावतात.